अर्हता, अधिकार आणि अर्ज

आयुर्वेदाची पदवी हाती पडली, आंतरवासिता संपली, परिषदेकडे नोंदणी झाली की नवपदवीधर वैद्य जाहिराती चाळू लागतो. वृत्तपत्रातील असो, शासनाच्या संकेतस्थळावरील असो वा परिचिताकरवी कळलेली असो, जाहिरातीत 'वैद्यकीय अधिकारी' हे दोन शब्द दिसले की अर्ज रवाना होतो. एकाच महिन्यात वीस-पंचवीस ठिकाणी अर्ज करणारे तरुण आज दुर्मीळ नाहीत. त्यांतील बहुतेक अर्जांना उत्तर येत नाही, काही छाननीतच बाद होतात आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी नेमणूक मिळते. हानी खरी होते ती या शेवटच्या प्रकारात, कारण नाकारलेल्या अर्जात केवळ शुल्क वाया जाते, परंतु अर्हता नसताना मिळालेल्या नेमणुकीत वैद्याचे नाव, मालकाचा परवाना आणि रुग्णाचा जीव या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पणाला लागतात.

हा विषय केवळ नोकरी शोधणाऱ्यांचा आहे असे समजून औषधनिर्माते व औषधालयांचे चालक यांनी हे पान उलटू नये. अयोग्य अर्ज येतात याचे अर्धे कारण अयोग्य जाहिरातीत असते. त्याकडे शेवटी वळू.

अर्हता आणि अधिकार यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगून प्रत्येकाचे चार गुण सांगितले. वैद्याला शास्त्राचे निर्मळ ज्ञान हवे, कर्माचे वारंवार दर्शन हवे, दक्षता व शुचिता हवी. परिचारकाचे गुण मात्र निराळे आहेत. उत्तम वैद्य म्हणून तोच आपोआप उत्तम परिचारक ठरत नाही, हा या विभागणीचा सरळ अर्थ होय. गुल्मचिकित्सेत याहून स्पष्ट उदाहरण सापडते. गुल्म पक्व झाला की पुढील कर्माचा अधिकार चरकसंहिता धान्वन्तर संप्रदायाच्या वैद्यांकडे सोपवते, आणि त्यातही ज्यांनी ते कर्म अभ्यासाने हस्तगत केले आहे त्यांच्याकडे. स्वतःच्या तंत्राविषयी चरकाचार्यांना न्यूनगंड होता म्हणून त्यांनी असे लिहिले, असे कोणी म्हणणार नाही. सुश्रुताचार्यांनी तर अध्ययन व कर्माभ्यास पूर्ण झाल्यावरही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात उतरावे असे सांगितले. आजच्या भाषेत ती अनुज्ञा म्हणजे नोंदणी.

जाहिरातीतील अटी तीन प्रकारच्या

नोकरीच्या जाहिरातीत दहा अटी असल्या तरी त्या सर्वांचे वजन सारखे नसते. काही अटी कायद्याने घातलेल्या असतात, काही त्या संस्थेच्या सेवाप्रवेश नियमांतून आलेल्या असतात, आणि उरलेल्या केवळ मालकाच्या इच्छेने लिहिलेल्या असतात. हा भेद न ओळखल्यामुळे आपले पदवीधर दोन्ही बाजूंनी चुकतात. जेथे मुळीच अर्ज करू नये तेथे करतात, आणि 'तीन वर्षांचा अनुभव असल्यास प्राधान्य' एवढे वाचून जेथे निःसंकोच करावा तेथे मागे राहतात.

पहिल्या प्रकारच्या अटीत तडजोड संभवत नाही, कारण ती सैल करण्याचा अधिकार मालकालाही नसतो. आधुनिक औषधांच्या दुकानात चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे, म्हणजेच फार्मासिस्टचे आहे. बी.ए.एम.एस. पदवीधराचे औषधज्ञान कितीही उत्तम असले तरी त्या खुर्चीवर तो बसू शकत नाही. केवळ आयुर्वेदीय औषधे विकणाऱ्या दुकानास मात्र विक्रीचा परवाना लागत नाही. दोन्ही प्रकारची औषधे एकाच छताखाली विकणाऱ्या चालकांनी हा फरक विसरून 'वैद्य आहेत, दुकान सांभाळतील' अशी सोय लावू नये.

संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षा हेही असेच एक उदाहरण. ती एम.बी.बी.एस. पदवीसाठी आहे. 'वैद्यकीय' हा शब्द पाहून तिची पुस्तके विकत घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने त्याच आयोगामार्फत आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांची जी स्वतंत्र भरती होते तिच्याकडे लक्ष द्यावे. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही मान्य पदवी चालते, म्हणून त्या वाटेने गेलेल्या वैद्यांना अपवाद समजण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या अर्हतेतील पदासाठीच अर्ज केलेला असतो.

राज्याच्या आरोग्य सेवेतही 'वैद्यकीय अधिकारी' हे एकच पदनाम निरनिराळ्या पदव्यांसाठी येते. कधी एकाच जाहिरातीत एम.बी.बी.एस. व बी.ए.एम.एस. यांची पदसंख्या वेगवेगळी दिलेली असते. पदनामापुढील अर्हतेचा रकाना वाचल्यावाचून अर्ज भरणे म्हणजे रोग्याला न पाहता चिकित्सापत्र लिहिणे होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन आयुष वैद्यकीय अधिकारी योजिले आहेत. ही पदे मुळात आपल्यासाठीच आखलेली आहेत, तरी कंत्राटी असल्याने अनेक जण त्यांना कमी लेखतात. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद याहून बोधप्रद आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, आणि त्यांनाच २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तेथे बी.ए.एम.एस. पदवीधरास घेताना शासनाने सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही जोडला. म्हणजे पदवी आणि काम यांच्यात अंतर आहे हे मान्य करून ते शिक्षणाने भरून काढले. खासगी रुग्णालये हे अंतर बहुधा केवळ नेमणूकपत्राने भरून काढतात.

रात्रपाळीचा प्रश्न

खासगी रुग्णालयांतील निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. मोठ्या शहरांत रात्रपाळी सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात औषध नियमावलीच्या संबंधित तरतुदीखाली राज्य शासनाने १९९२ व १९९९ मध्ये काढलेल्या आदेशांमुळे नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधांच्या वापराबाबत काही वैधानिक आधार मिळाला. तथापि या आधाराची व्याप्ती नीट समजून घेतली पाहिजे. ऑक्टोबर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा असे आदेश काढण्याचा अधिकार मान्य केला, पण आधुनिक औषधे देण्याचा अधिकार त्या त्या राज्याचा कायदा जेवढी मुभा देतो तेवढ्यापुरताच राहतो, हेही स्पष्ट केले. महाराष्ट्रातील मुभा खांद्यावरच्या झोळीप्रमाणे दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. कोल्हापूरचा वैद्य बेळगावच्या किंवा सावंतवाडीचा वैद्य गोव्याच्या रुग्णालयात अर्ज करीत असेल तर त्याने प्रथम तेथील नोंदणीचे व व्यवसायाचे नियम पाहावेत.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. कायद्याने मुभा दिली म्हणून कौशल्य येत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईचे एक प्रकरण आले होते. होमिओपॅथीच्या नोंदणीकृत चिकित्सकाने आधुनिक औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिचा अवलंब करणे हाच निष्काळजीपणा होय, असे न्यायालयाने ठरविले. त्या चिकित्सकाचा हेतू वाईट होता असे कोणी म्हटले नव्हते. हेतूचा प्रश्नच तेथे गौण ठरला. अतिदक्षता विभागात पहाटे तीन वाजता श्वसनयंत्रावरील रुग्णाची अवस्था बिघडते तेव्हा वरिष्ठ विशेषज्ञ घरी असतात आणि नोंदवहीत सही निवासी अधिकाऱ्याची असते. पुढे चौकशी झाली तर पहिला प्रश्न 'तुमची पदवी कोणती' हाच असतो, आणि त्या वेळी रुग्णालयाचे व्यवस्थापन शेजारी उभे राहील याची शाश्वती नसते.

म्हणून अशी नोकरी करूच नये असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. घरची ओढ असते, कर्ज असते, आणि स्वतःचा दवाखाना उभारण्यास भांडवल लागते. परंतु अर्ज करताना व मुलाखतीत कामाचे स्वरूप विचारून घ्यावे. रुग्णाची नोंद घेणे, विशेषज्ञाच्या लेखी आदेशाची अंमलबजावणी पाहणे, अवस्था बदलताच कळविणे इथपर्यंतचे काम एक आहे. स्वतंत्रपणे निर्णय घेऊन अतिदक्षता विभाग चालविणे निराळे आहे. नेमणूकपत्रावर पदवी व पद दोन्ही खरे लिहिलेले असावे. दारावरच्या पाटीवर आणि छातीवरच्या बिल्ल्यावर नुसते 'डॉक्टर' लिहून पदवी झाकण्याची प्रथा जेथे आहे, तेथे अर्ज न करणेच बरे. रूप धारण करून वावरणाऱ्या छद्मचर वैद्याचे वर्णन चरकाचार्यांनी केले आहे. स्वतःची खरी पदवी झाकून दुसरीचा भास निर्माण करू देणारा वैद्य नकळत त्या वर्णनाच्या जवळ जातो.

शल्य व शालाक्य या विषयांचे पदव्युत्तर पदवीधर येथे एक न्याय्य आक्षेप घेतील. नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रित अधिसूचनेने त्यांच्या शिक्षणक्रमातील ५८ शस्त्रकर्मे नावानिशी नमूद झाली. तेव्हा त्या कर्मांसाठी ते अर्हताप्राप्त आहेत यात शंका नाही. पण ती सूची त्या दोन विषयांच्या स्नातकोत्तरांपुरती आहे. कायचिकित्सेच्या एम.डी.ने किंवा केवळ बी.ए.एम.एस. पदवीधराने तिचा आधार घेऊन शल्यकर्माच्या पदासाठी अर्ज करणे हा त्या अधिसूचनेचा विपर्यास होईल.

रसायनशाळेतील तज्ज्ञ

आपल्या वाचकांत रसायनशाळांचे चालक पुष्कळ आहेत. औषध नियमावलीतील नियम १५७ त्यांना तोंडपाठ असावयास हवा. आयुर्वेदीय औषधांचे उत्पादन पूर्णवेळ नोकरीत असलेल्या किमान एका अर्हताप्राप्त तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे, असे तो सांगतो. आयुर्वेदाची किंवा आयुर्वेदीय औषधनिर्माणाची मान्य पदवी असेल तर ती पुरेशी आहे. औषधनिर्माण, औषधी रसायन, रसायनशास्त्र वा वनस्पतिशास्त्र यांतील पदवी असेल तर आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनाचा किमान २ वर्षांचा अनुभव लागतो. नोंदणीकृत वैद्यास ४ वर्षांचा आणि आयुर्वेदीय औषधनिर्मात्याची अर्हता असलेल्यास ८ वर्षांचा अनुभव आवश्यक आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. डी.फार्म. ही पदविका आहे, पदवी नव्हे. तेव्हा दुसऱ्या वर्गाची अट तिने पूर्ण होत नाही. तसेच नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने तांत्रिक प्रमुख म्हणून अर्ज करून उपयोग नाही. मात्र तोच विद्यार्थी गुणनियंत्रण विभागात अर्ज करू शकतो, कारण अनुसूची 'टी' मध्ये कच्च्या द्रव्यांच्या तपासणीसाठी आयुर्वेदज्ञाबरोबर रसायनशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांचाही विचार केला आहे. दोन वर्षे तेथे काढली की त्याची पहिली वाटही मोकळी होते. शंखपुष्पी व रास्ना या नावांखाली बाजारात काय काय येते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चांगल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे मोल सांगावे लागणार नाही.

'पूर्णवेळ' हा शब्द मात्र सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. स्वतःचा दवाखाना सकाळ-संध्याकाळ चालविणारा वैद्य एखाद्या रसायनशाळेस आपली पदवी व नोंदणी 'देतो', दरमहा ठरावीक रक्कम घेतो आणि महिन्यातून एकदा जाऊन उत्पादन-नोंदींवर सह्या करतो, हा प्रकार ऐकिवात नाही असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. येथे पदवी पुरी आहे, अनुभवही असतो. पण पदाची मूळ अट प्रत्यक्ष देखरेख ही आहे आणि तीच पुरी होत नाही. वत्सनाभाची शुद्धी झाली की नाही, भल्लातकाचा पाक कोणी पाहिला, कज्जली निश्चंद्र झाली होती काय, या प्रश्नांची उत्तरे सहीच्या शाईत नसतात. नमुना अप्रमाणित ठरला तर परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो, खटलाही उभा राहू शकतो, आणि तेव्हा 'मी तेथे नव्हतो' हे विधान बचाव होत नसून कबुली होते. अध्यापनातही हाच रोग आहे. तपासणीच्या दिवशी हजर आणि एरवी कागदोपत्री, अशा अध्यापकांमुळे ज्या पदवीची किंमत घटते तीच पदवी घेऊन पुढचा विद्यार्थी नोकरी शोधायला निघतो.

तारखा, समकक्षता आणि लपवाछपवी

आता शासकीय भरतीतील काही बारकावे. अर्हता कोणत्या दिवशी पूर्ण असली पाहिजे? जाहिरातीत अन्य दिनांक नसेल तर अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मुलाखतीपर्यंत निकाल लागेल, आंतरवासिता संपेल, कायम नोंदणी हाती येईल अशा भरवशावर केलेला अर्ज टिकत नाही. आंतरवासिता संपण्यास पंधरा दिवस उरले असतानाची जाहिरात मनाला चटका लावते खरी, परंतु तेव्हा वाट पाहणे हाच मार्ग. नियम सैल करून अशा एकाला घेतले तर त्याच कारणाने अर्जच न केलेल्या दहा जणांवर अन्याय होतो, हे त्या निकालामागील तत्त्व समजण्यासारखे आहे.

'समकक्ष अर्हता' या शब्दांवरही पुष्कळ आशा टांगलेल्या असतात. समकक्षता उमेदवाराने ठरवायची नसते. ती ठरविणे नियोक्त्याचे काम आहे, असे २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. योग, पंचकर्म, आहारशास्त्र यांची अल्पमुदतीची प्रमाणपत्रे ज्ञानासाठी उत्तम असतील, पण त्यांना पदव्युत्तर पदवीच्या जागी मांडू नये. अध्यापक पदासाठी संबंधित विषयाची एम.डी. वा एम.एस. लागते, आणि २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग कायद्याने अध्यापनासाठी स्वतंत्र पात्रता परीक्षेचीही तरतूद केली आहे. प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल त्या दोहोंची उणीव भरून काढीत नाही.

उलट्या बाजूची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पदाच्या मानाने अधिक शिक्षण असणे हेही कधी अडचणीचे ठरते. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शिपाईपदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती. एकाने पदवी लपवून नोकरी मिळविली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. आपल्याकडे पंचकर्म तंत्रज्ञाच्या किंवा औषधविक्रेत्या प्रतिनिधीच्या जागेसाठी एम.डी. झालेली मंडळी पदव्युत्तर शिक्षण न लिहिता अर्ज करतात, असे अधूनमधून कानी येते. तेथे तशी बंदी असेलच असे नाही. परंतु लपविण्याची गरज ज्या अर्जात वाटते तो अर्ज पुन्हा एकदा वाचून पाहावा.

याउलट तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे मालकाच्या इच्छेतून आलेल्या अटींना घाबरू नये. 'संगणकज्ञान इष्ट', 'इंग्रजी संभाषण येत असल्यास प्राधान्य', 'नाडीपरीक्षेचा अनुभव असावा' अशा अटींपैकी एखादी कमी असली तरी अर्ज अवश्य करावा आणि ती कमी आहे हे अर्जातच लिहावे. ग्रामीण भागातील, विशेषतः पहिल्या पिढीतील पदवीधर मुली या अटी वाचून माघार घेतात आणि त्यांच्याहून कमी तयारीची मुले धिटाईने पुढे जातात, असा अनुभव आहे.

जाहिरात देणाऱ्यांसाठी

'अनुभवी वैद्य पाहिजेत, आकर्षक वेतन' एवढ्या मजकुराची जाहिरात देऊन नंतर अर्जांच्या ढिगाविषयी तक्रार करणे व्यर्थ आहे. प्रत्यक्षात विक्रीकक्षात बसून ग्राहकांशी बोलणारा माणूस हवा असेल तर तसे लिहावे. तेथे बी.ए.एम.एस.ची अट घालून पदवीधराला डबे रचायला लावणे दोघांच्याही हिताचे नाही. तांत्रिक प्रमुख हवा असेल तर नियम १५७ मधील कोणता वर्ग चालेल, पूर्णवेळ उपस्थिती किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, कोणत्या कल्पांचे उत्पादन चालते आणि सहीचे अधिकार कोणते, हे चार-पाच ओळींत लिहिता येते. रसकल्प बनत असतील तर ते आवर्जून सांगावे, म्हणजे रसशास्त्राचा स्नातकोत्तर अर्ज करील आणि केवळ आसव-अरिष्टांचा अनुभव असलेला थांबेल. आवश्यक अर्हता एका परिच्छेदात आणि इष्ट अर्हता दुसऱ्या परिच्छेदात द्यावी. वेतनाचा आकडा छापण्यास संकोच वाटत असेल तर निदान किमान रक्कम छापावी. आलेल्या अर्जांतील नोंदणी क्रमांक महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे पडताळून मगच मुलाखतीस बोलवावे, आणि मूळ प्रमाणपत्रे पाहून लगेच परत करावीत. ती मालकाच्या कपाटात अडकवून ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. मुलाखतीत तसे सांगण्यात आले तर उमेदवाराने तेथेच नकार द्यावा.